कपाटातल्या पुस्तकांची नोंदवही

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर. या गावांतल्या जुन्या वस्तीत एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या, वकिलाच्या किंवा चळवळीत उमर घालवलेल्या कार्यकर्त्याच्या घरी गेले की आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट हमखास असते. वरच्या खणात साने गुरुजी, खांडेकर, विनोबा. खालच्या खणात सुतळीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे, शाळेची स्मरणिका, कुठल्याशा मेळाव्याची पिवळी पडलेली पत्रके, आणि त्यांच्यात दडलेली एखादी भिली किंवा पावरी बोलीतली पातळ पुस्तिका. पुस्तके किती आहेत असे घरच्यांना विचारले तर उत्तर मिळते, ‘खूप आहेत’. कोणती आहेत, कुठून आली, कुठले पुस्तक कोणाकडे वाचायला गेले ते परतच आले नाही, हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक असते. तो आहे तोवर ते ग्रंथालय असते. तो गेला की वर्ष-दोन वर्षांत घराची रंगरंगोटी निघते आणि कपाट रिकामे करायची वेळ येते. मुलांचे प्रेम कमी नसते. त्यांना फक्त एवढेच कळत नाही की समोरच्या ढिगाऱ्यातले काय ठेवायचे आणि काय द्यायचे. मग सगळेच वजनावर जाते.

म्हणून ज्यांच्या घरी असे कपाट आहे त्यांनी त्यातल्या पुस्तकांची यादी करायला घ्यावी, आणि ती पुस्तके जमवणारा माणूस घरात हिंडता-फिरता आहे तोवरच घ्यावी. हे काम कारकुनी वाटते, पण ते वाचनप्रेमाचेच काम आहे. माणसाने पन्नास वर्षे काय वाचले, कोणत्या वयात कशाकडे वळला, काय अर्धवट सोडले आणि काय पुन्हा पुन्हा उघडले, याचा एवढा खरा पुरावा दुसरीकडे कुठेच राहत नाही.

पुण्या-मुंबईपेक्षा नंदुरबारला हे अधिक निकडीचे आहे, याला कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि साक्षरता साधारण ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. इथल्या कितीतरी घरांत पुस्तकांचे कपाट ही पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीची कमाई आहे. मोठ्या शहरात एक प्रत हरवली तर दुसरी कुठेतरी सापडते. अक्कलकुवा किंवा धडगावच्या घरातून गेलेल्या स्थानिक पुस्तिकेची दुसरी प्रत सापडेलच असे सांगता येत नाही. सार्वजनिक वाचनालयांना १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे अनुदान मिळते. ‘अ’ ते ‘ड’ अशा दर्जांत त्यांची तपासणी होते आणि त्यामुळे दाखल नोंदवही ठेवावीच लागते. घरातल्या कपाटाला कोणी तपासनीस येत नाही. तिथली नोंद आपण केली तरच होणार.

दाखल नोंदवही ही मोठी बोलकी चीज आहे. पुस्तक ज्या क्रमाने हाती आले त्या क्रमाने त्याला आकडा मिळतो. घरची यादी अशी लावली की आयुष्य ओळीने उभे राहते. आधी शाळेत बक्षीस मिळालेले पुस्तक, मग डी.एड.च्या वर्षातली मानसशास्त्राची क्रमिक पुस्तके, पहिल्या पगारात घेतलेली कादंबरी, लग्नानंतरचे पाकशास्त्र, मुलांसाठीचे विज्ञानकथांचे संच, निवृत्तीच्या सुमारास वाढलेले संतसाहित्य. तीच पुस्तके विषयवार लावली की वेगळेच चित्र दिसते. एखादा गणिताचा शिक्षक शेतीवर इतके वाचत होता हे तेव्हा त्याच्या मुलांनाही पहिल्यांदा कळते. पहिल्या क्रमात वय दिसते, दुसऱ्यात कल. घरच्या यादीत दोन्हींना जागा हवी.

अशा कामाची परंपरा या मातीत आहे, आणि ती शोधायला लांब जावे लागत नाही. नंदुरबार ज्या पश्चिम खानदेशाचा भाग होता त्याचे ठाणे धुळे. तिथे शंकर श्रीकृष्ण देव नावाच्या वकिलाने १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे रामदासी मठामठांतून हस्तलिखिते गोळा करण्यात जन्म घातला. आजचे समर्थ वाग्देवता मंदिर त्यातूनच उभे राहिले. देवांनी बाडे नुसती आणून ठेवली नाहीत. कोणते बाड कुठल्या मठातले, त्यात कोणकोणती प्रकरणे आहेत, अक्षर कोणाचे, याचा माग ठेवला. त्यामुळेच त्या संग्रहावर नंतरच्या अभ्यासकांना काम करता आले. वि. का. राजवाडे यांचीही अखेर धुळ्यातच झाली, ३१ डिसेंबर १९२६ रोजी, आणि लगोलग १९२७ च्या जानेवारीत तिथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या २२ खंडांमागची सामग्री बव्हंशी लोकांच्या घरातून आलेली. वाड्यांच्या माळ्यांवरून, पेट्यांतून, फडक्यात गुंडाळलेल्या दप्तरांतून. त्या घरांपैकी फार थोड्यांनी आपल्याकडे काय आहे हे लिहून ठेवले होते. जिथे राजवाडे वेळेत पोहोचले नाहीत तिथले काय गेले, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

शंकर गणेश दाते यांचे नाव मात्र आजच्या वाचकांना जवळजवळ ठाऊक नाही, आणि याची खंत वाटावी असे त्यांचे काम आहे. १८०० पासून १९३७ पर्यंत छापल्या गेलेल्या मराठी पुस्तकांची सूची या माणसाने केली. पुढच्या भागात १९५० पर्यंतची पुस्तके घेतली. दोन्ही भाग मिळून नोंदी वीस हजारांच्या पुष्कळ पुढे जातात. संगणक नाही, झेरॉक्स नाही. ग्रंथालये आणि खासगी संग्रह पालथे घालायचे, पुस्तक हाती घ्यायचे, नाव, लेखक, साल, पाने, किंमत उतरवायची. आज कोणत्याही विद्यापीठात एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकावर कोणी प्रबंध लिहायला बसले तर दात्यांची सूची उघडल्याशिवाय त्याचे पान हलत नाही. ज्याला पुस्तकांची ओढ नाही त्याच्या हातून हे होणे शक्य नव्हते. यादी करणारा रुक्ष असतो, ही समजूत दात्यांच्या एका उदाहरणाने कायमची मोडीत निघावी.

घरात यादी करायला बसले की लगेच गाठी पडू लागतात, आणि खरी मजा तिथेच आहे. कुसुमाग्रजांची ‘विशाखा’ आणि वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ एकाच माणसाची. ती शेजारी ठेवायची की दोन नावांखाली दोन खणांत? राम गणेश गडकऱ्यांची नाटके ‘ग’मध्येच बसतात आणि सुदैवाने गोविंदाग्रजही ‘ग’मध्येच, पण त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना ‘ठ’मध्ये ठेवले तर बालकवी शोधणाऱ्याला ते सापडायचे कसे? पु. ल. देशपांडे यांना घरातले कोणीही ‘द’मध्ये शोधत नाही. ज्ञानेश्वर, तुकाराम, जनाबाई यांना आडनावाची अटच लागू नाही. मोठ्या ग्रंथालयांत यासाठी नियमांची पुस्तके असतात. घरी एकच नियम पुरेसा आहे. घरातले लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव धरावे आणि दुसऱ्या नावापुढे ‘तिकडे पाहा’ एवढे लिहावे.

‘गीताप्रवचने’ कुठे ठेवायचे हा प्रश्न तर खास खानदेशी आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. पुस्तक धर्माच्या खणात ठेवता येईल, स्वातंत्र्यलढ्याच्याही, आणि साने गुरुजींच्या पुस्तकांशेजारीही ते परके वाटणार नाही. जो हा निर्णय घेतो तो त्या पुस्तकाचा नव्याने विचार करतो. एखाद्याने त्यासाठी ‘खानदेश’ असा स्वतंत्र खण केला आणि त्यात हे पुस्तक, बालकवी, बहिणाबाई, अमळनेरच्या दिवसांतले साने गुरुजी आणि नेमाडे एकत्र आणले, तर ते वर्गीकरण चुकीचे ठरत नाही. त्या घरापुरते तेच बरोबर.

यापेक्षा अवघड प्रश्न आदिवासी भाषांचा आहे, आणि इथे नंदुरबारच्या वाचकाने बाहेरची चौकट निमूट स्वीकारू नये. जगभर चालणारे मेल्व्हिल ड्यूईचे दशांश वर्गीकरण १८७६ चे. त्यात मराठी साहित्याला ८९१.४६ हा आकडा आहे, तर भिलीची सोय गुजराती-राजस्थानीच्या पंगतीत, पुढच्या आकड्यावर. ग्रियर्सनने १९०७ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिली भाषांबरोबरच खानदेशीलाही घातले होते. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे देशात एक कोटीच्या वर मोजले गेले आणि खानदेशी बोलणारे साडेअठरा लाखांच्या आसपास. तरी घरच्या कपाटात ही पुस्तके बहुधा ‘संकीर्ण’ म्हणून तळाशी जातात. देवनागरीत छापलेली आहेत म्हणून ‘मराठी’ असा शिक्का बसतो.

शहाद्याच्या चळवळीतून पुढे आलेले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह घ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी जमिनीचा, मजुरीचा प्रश्न उभा केला, त्या काळाशी या कवितेची नाळ जोडलेली आहे. तो संग्रह कवितेत ठेवावा, भिलीत ठेवावा की शहाद्याच्या इतिहासात? तिन्ही ठिकाणी त्याची नोंद असावी. पुस्तक एकाच जागी राहील, पण नोंद तीन वेळा करायला कोणाची हरकत आहे? सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. त्या वर्षांतली निवेदने, पत्रके, नर्मदाकाठच्या जीवनशाळांसाठी निघालेल्या पुस्तिका अनेकांच्या घरी आहेत. पाठीला पुठ्ठा नाही म्हणून त्यांना पुस्तक न मानणे ही फार महाग पडणारी चूक आहे. पुठ्ठ्याच्या पुस्तकाची दुसरी प्रत मिळते, पत्रकाची मिळत नाही.

तयार चौकट मोडून आपली बेतण्याचा दाखला शेजारीच आहे. नवापूर ओलांडले की सोनगड-व्यारा, म्हणजे एकेकाळचे बडोदा संस्थान. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावले. गावोगाव वाचनालये, फिरत्या पेट्या, मध्यवर्ती ग्रंथालय अशी घडी त्याच्या देखरेखीखाली बसली. त्यानेही ड्यूईची पद्धत जशीच्या तशी न लादता बडोद्यासाठी वेगळी योजना बेतली. पुढे एस. आर. रंगनाथन या मद्रासच्या गणिताच्या अध्यापकाने १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडले. एका पुस्तकाला एकाच विषयाच्या खुंटीला न टांगता त्याचे अनेक पैलू मांडता यावेत, हा त्यामागचा विचार. काळ आणि स्थळ हे त्यातले दोन पैलू. ज्या घरात शहाद्याच्या जमीनलढ्यावरची पत्रके आहेत त्या घराला रंगनाथनांची सगळी चिन्हे पाठ करायची गरज नाही. ‘कुठले’ आणि ‘केव्हाचे’ हे दोन रकाने आखले तरी त्यांचा विचार घरात आला.

परदेशांतल्या खासगी संग्रहांकडे पाहिले तरी हेच दिसते. लंडनच्या सॅम्युएल पेपिसने आपली ३,००० पुस्तके उंचीनुसार लावली. सर्वांत लहान पुस्तकाला पहिला क्रमांक. त्याच्या इच्छेप्रमाणे तो संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात त्याच्याच कपाटांसह, त्याच क्रमाने आजही ठेवलेला आहे. थॉमस जेफरसनने उलट स्मृती, बुद्धी आणि कल्पना असे तीन भाग केले. इतिहास पहिल्यात, तत्त्वज्ञान आणि शास्त्रे दुसऱ्यात, कला तिसऱ्यात. ब्रिटिश फौजेने १८१४ साली वॉशिंग्टनमधले संसदेचे ग्रंथालय जाळल्यावर त्याचा ६,४८७ पुस्तकांचा संग्रह सरकारने विकत घेतला, आणि त्याची विभागणीही पुढे कित्येक वर्षे तिथे चालली. नीट याद्या होत्या म्हणूनच या दोघांची मनेही पुस्तकांबरोबर टिकली.

मराठीत ज्यांची घरे पुस्तकांनी भरली त्यांच्याकडेही पाहावे. पुण्याचे रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ सारखा ग्रंथ लिहिला तो जन्मभर जमवलेल्या आपल्या घरच्या संग्रहाच्या बळावर. सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचलेल्या पुस्तकांचे टिपण हेच तिथे साहित्य झाले. निरंजन घाटे यांनी ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ लिहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परदेशात पोटाला चिमटा घेऊन घेतलेली पुस्तके १९१७ साली मायदेशी येताना बोट पाणबुडीच्या माऱ्यात सापडल्याने बुडाली. तरी त्यांनी पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधताना पुस्तकांचाच विचार आधी केला. त्यांची पुस्तके नंतर मुंबईच्या सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयांच्या उपयोगी पडली. राजगृहाचा फोटो नंदुरबार जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत भिंतीवर आहे. त्या घरांतल्या पुस्तकांची वही भिंतीखालच्या टेबलावर असायला हवी.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. आता मोबाइलवर सगळे होते, पुस्तकाच्या पाठीवरच्या पट्ट्या कॅमेऱ्यापुढे धरल्या की नाव, लेखक, मुखपृष्ठ आपोआप येते, मग वही कशाला? २००५ पासून ‘लायब्ररीथिंग’सारख्या सोयी आहेत, आणि नव्या पुस्तकांसाठी त्या जरूर वापराव्यात. पण पट्टीमागचा आयएसबीएन क्रमांक जगात रुळला तोच १९७० नंतर आणि मराठी प्रकाशकांत त्याहून उशिरा. नंदुरबारच्या कपाटातली निम्मी पुस्तके कॅमेऱ्यासमोर गप्प बसतात. दिवाळी अंकांची तर तऱ्हाच वेगळी. १९०९ साली का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही शंभर वर्षांवरची परंपरा, पण त्यातली एखादी गाजलेली कथा कोणत्या वर्षीच्या कोणत्या अंकात होती हे यंत्र सांगत नाही. ते हातानेच उतरवावे लागते. अंकांची अनुक्रमणिका लिहून काढली तर त्या घरातली ती सर्वांत उपयोगी पाने ठरतील.

शिवाय यंत्राकडे शेऱ्याचा रकाना नाही, निदान या अर्थाने नाही. घरच्या वहीत तो सर्वांत रुंद आखावा. पुस्तक कोठे घेतले, कोणी दिले, आतल्या पानावर कोणाची सही आहे, कोणत्या वर्षी वाचले, वाचताना कुठे थांबलो. रेल्वेच्या बुकस्टॉलवर घेतलेले, साहित्य संमेलनात घेतलेले, बदली होताना सहकाऱ्याने भेट दिलेले, वाचनालय बंद पडले तेव्हा लिलावात मिळालेले. भाकड वाटणारी ही माहितीच पुढे मोलाची ठरते, कारण छापील नाव-गाव दात्यांच्या सूचीत किंवा मोठ्या ग्रंथालयात मिळेल, पण हे पुस्तक सारंगखेड्याच्या यात्रेत घेतले होते हे फक्त या वहीतच सापडेल.

काम एकट्याने करू नये. जमवणाऱ्याने पुस्तक हाती घेऊन सांगावे आणि नातवंडाने लिहावे. मराठी शुद्धलेखनाची शिकवणी वेगळी लावायची गरज पडणार नाही. घरात भिली किंवा अहिराणी बोलली जात असेल तर शेरा त्याच बोलीत लिहावा. एका बैठकीत एकच खण. नंदुरबारच्या उन्हाळ्यात पाने ठिसूळ होतात आणि मिरची वाळवण्याच्या पथारींच्या हंगामात तिची धूळ घराघरांत शिरते, म्हणून पावसाळा ओसरल्यानंतरचे, दिवाळीच्या आधीचे दिवस बरे. त्याच वेळी खण पुसून कसर-वाळवी पाहता येते, कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवता येते. पुस्तकावर चिकटपट्टी लावू नये, शाईने आकडा लिहू नये. आतल्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीने क्रमांक घातला की पुरे. आणि देवघेवीसाठी वहीची शेवटची चार पाने राखून ठेवावीत. मागितले तर पुस्तक द्यावेच, फक्त नाव आणि तारीख लिहून द्यावे.

घरच्या या वह्या घरातच राहिल्या तर मात्र अर्धेच काम होईल. जिल्ह्याच्या पातळीवर त्यांची जोडणी झाली पाहिजे, आणि त्यासाठी नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा इथली महाविद्यालये येतात. त्यांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका घराची यादी द्यावी. पस्तिसावे प्रेमचंद-फडके-खांडेकर तुलनेचे टिपण लिहिण्यापेक्षा आपल्या गल्लीतल्या शिक्षकाच्या कपाटात १९७२ चे कोणते पत्रक आहे हे शोधणारा विद्यार्थी अधिक शिकेल. जिल्हा ग्रंथोत्सवात पुस्तकविक्रीच्या गाळ्यांशेजारी एक टेबल या कामासाठी राखता येईल. त्यावर रकाने आखलेल्या कोऱ्या वह्या छापील किमतीत मिळाव्यात आणि भरलेली वही घेऊन येणाऱ्याच्या नोंदींची छायाप्रत जिल्हा ग्रंथालयात ठेवली जावी. पुस्तके घरीच राहतील, मालकी त्यांचीच, फक्त कोणते पुस्तक कोणत्या तालुक्यात आहे हे अभ्यासकाला कळेल. नावे-पत्ते उघड करायला ज्यांची तयारी नसेल त्यांच्यापुढे तालुका तेवढा लिहावा. पहिल्या वर्षी दहा घरे पुढे आली तरी जिल्ह्याच्या सूचीचे पहिले पान भरते, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या नोंदी त्या पानावर सर्वांत वर असाव्यात.